पदावर दावा की नावावर?

ऑक्टोबर 2017 मध्ये राज्य सरकारने पुणे महापालिकेच्या हद्दीत अकरा गावे घेतली. धायरीचा उरलेला भाग त्यांतलाच. त्याआधी गटार तुंबले तर ग्रामपंचायत, बांधकामाची परवानगी हवी तर पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि सातबाऱ्यावरची नोंद चुकली तर तलाठी किंवा हवेलीचे तहसीलदार, हे तिथल्या रहिवाशाला तोंडपाठ होते. हद्दवाढीनंतर गटार आणि परवानगी महापालिकेकडे गेली, सातबारा मात्र महसूल खात्याकडेच राहिला. रोजच्या कामात लोकांनी हा बदल अंगवळणी पाडून घेतला. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली की तो पुन्हा आडवा येतो. दावा नेमका कोणावर लावायचा, हे तिथे पहिल्याच पानावर लिहावे लागते.

2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलियन-बारे सिंड्रोमची साथ आली. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, धायरी ही नावे रोज वर्तमानपत्रांत येत होती. पुणे परिसरातली रुग्णसंख्या 200 च्या पुढे गेली. संशय पिण्याच्या पाण्यावर होता. विहिरीचे पाणी, टँकर आणि खासगी शुद्धीकरण केंद्रे या सगळ्यांची तपासणी झाली. अशा साथीत ज्याच्या घरातला माणूस महिनाभर कृत्रिम श्वासावर राहिला, त्याने भरपाई मागायची ठरवली तर प्रतिवादी कोण? महापालिका, तिचे आयुक्त, पाणीपुरवठा विभागाचे प्रमुख अभियंता, त्या पदावर त्या दिवशी बसलेली व्यक्ती, राज्य शासन, की पाणी विकणारा खासगी केंद्रचालक? सामान्य माणसाचे उत्तर ‘सगळेच’ असे असते आणि बरेच वकीलही खबरदारी म्हणून सगळ्यांनाच घालतात. सार्वजनिक नोकरांविरुद्धच्या दाव्यांतली पुढची बरीचशी पडझड या खबरदारीतून सुरू होते.

अशा एका वादपत्राचा मथळा जवळून पाहू. समजा, रस्त्याच्या खोदकामात धायरीतल्या एका सोसायटीची संरक्षक भिंत पडली. वादपत्रात प्रतिवादी क्रमांक 1 पुणे महानगरपालिका, तर्फे आयुक्त. क्रमांक 2 उपअभियंता, पथ विभाग. क्रमांक 3 तोच उपअभियंता, पण या वेळी नाव, आडनाव, वय, ‘धंदा : नोकरी’ आणि घरचा पत्ता यांसह. क्रमांक 4 ठेकेदार. क्रमांक 5 महाराष्ट्र शासन, तर्फे जिल्हाधिकारी, पुणे. पाच नावे, पण कायद्याच्या नजरेत त्यांतली दोन एकाच प्रतिवादीची आहेत, एक स्वतंत्र पुराव्याशिवाय टिकणार नाही आणि पाचव्याला घातल्यामुळे अख्खा दावा वेगळ्या कोर्टात आणि वेगळ्या मुदतीत जातो.

पदावर लावलेला दावा हा त्या पदामागच्या संस्थेवरचा दावा असतो. हुकूमनामा झाला तर पैसे संस्थेच्या तिजोरीतून जातात. अधिकारी बदलून गेला तर त्याच्या जागी आलेला माणूस कागदावर उभा राहतो आणि दावा अडत नाही. नावावर लावलेला दावा त्या माणसाच्या खिशावरचा असतो. तो बदलीबरोबर सुटत नाही, पण त्याने स्वतः काय केले आणि ते अधिकाराबाहेर किंवा दुष्ट हेतूने कसे केले, हे वादीला सविस्तर लिहावे आणि शाबीत करावे लागते. म्हणून वरच्या मथळ्यात क्रमांक 1 असताना क्रमांक 2 बहुतेक वेळा जादा ठरतो. न्यायालयाने त्याला वगळले तर त्यात वादीचे काही जात नाही. पेच वेगळ्याच ठिकाणी आहे. क्रमांक 2 वगळण्याऐवजी कधीकधी पूर्ण दावाच पडतो, आणि तो का पडतो हे समजण्यासाठी मालेगावला जावे लागते.

1921 च्या एप्रिलमध्ये, खिलाफत चळवळीच्या दिवसांत, मालेगावात मोठी दंगल झाली. त्यानंतर सरकारने गावात जादा पोलीस ठेवले आणि त्याचा भार रहिवाशांवर टाकला. काही रहिवाशांना ही आकारणीच बेकायदा वाटली. त्यांनी सरकारला नोटीस दिली, पण वसुली दाराशी आलेली होती, म्हणून दोन महिने पुरे होण्याची वाट न पाहता मनाईसाठी दावा लावला. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चे कलम 80 सांगते की सरकारविरुद्ध, किंवा सार्वजनिक अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल त्याच्याविरुद्ध, दावा लावण्याआधी लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाची तोवरची वाट थोडी मवाळ होती. भरून न येणारे नुकसान समोर उभे असेल तर मनाईच्या दाव्याला ही अट अडवू नये, असे तिथले न्यायाधीश मानत आले होते. भागचंद दगडूसा गुजराथी विरुद्ध सेक्रेटरी ऑफ स्टेट हे प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि 1927 मध्ये लॉर्ड समनर यांच्या निकालाने ती वाट बंद झाली. कलमाची भाषा स्पष्ट आहे, तिला अपवाद नाहीत, मनाईचा दावा हाही दावाच आहे, असे ठरले. मालेगावकरांची आकारणीविरुद्धची तक्रार खरी होती की खोटी, या प्रश्नापर्यंत न्यायालयाला जावेच लागले नाही.

या निकालाची सावली पन्नास वर्षे पडली. सरकारी बुलडोझर पहाटे येणार असेल तरी दोन महिने थांबा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता. विधी आयोगाने 1958 च्या चौदाव्या अहवालात, 1964 च्या सत्ताविसाव्यात आणि 1973 च्या चोपन्नाव्यात, तीनदा, कलम 80 काढून टाकायला सांगितले. संसदेने ते काढले नाही, पण 1976 च्या दुरुस्तीने त्याची धार बोथट केली. तातडीचा दिलासा हवा असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो. तातडी नाही असे न्यायालयाला वाटले तर त्याने दावा फेटाळायचा नाही, वादपत्र परत करायचे, म्हणजे नोटीस देऊन ते पुन्हा दाखल करता येते. नोटिशीत बारीकसारीक चूक असेल, पण वादी कोण, तक्रार काय आणि मागणे काय हे कळत असेल, तर तेवढ्यावर दावा मारता येत नाही. त्याच दुरुस्तीने आदेश 27 मध्ये नियम 5अ घातला. अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल भरपाई किंवा दुसरे काही मागायचे असेल, तर सरकारला पक्षकार करावेच लागते. एकट्या अधिकाऱ्याला गाठून त्याच्या पदावर दावा चालवण्याची सोय त्या दिवशी संपली.

परवानगी मागायची ती मात्र मागितलीच पाहिजे. केरळच्या एका प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दावा दाखल करून घेतला म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही. तिच्यासाठीच्या अर्जावर आदेश लागतो. आपल्याकडे वादपत्राबरोबर निशाणी 5 चा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज तातडीने जातो, त्यावर युक्तिवादही होतो, आणि कलम 80 च्या परवानगीचा एका पानाचा अर्ज राहून जातो. वर्षा-दोन वर्षांनी सरकारी वकिलाची कैफियत येते आणि तिच्या पहिल्याच परिच्छेदात हा मुद्दा असतो.

धायरीच्या वाचकाने इथे एक फरक पक्का लक्षात ठेवावा. महापालिका म्हणजे सरकार नव्हे. तिच्यावरच्या दाव्याला संहितेच्या कलम 80 ऐवजी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चे कलम 487 लागते. महापालिका, आयुक्त किंवा कोणताही महापालिका नोकर यांनी त्या कायद्याखाली केलेल्या किंवा करू पाहिलेल्या कृतीबद्दल दावा असेल तर आधी एक महिन्याची नोटीस हवी आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा हवा. मुंबईच्या 1888 च्या कायद्यात कलम 527 हेच सांगते. नोटिशीचा महिना सरकारच्या दोन महिन्यांपेक्षा कमी, हे वादीला बरे वाटते. पण सहा महिन्यांची मुदत फार कडक आहे. भिंत पडली, वॉर्डात अर्ज दिला, मग आयुक्तांना, मग पुन्हा वॉर्डात, अशी दोन पावसाळे वाट पाहणाऱ्या सोसायटीचा हक्क अर्ज-विनंत्यांतच निघून जातो. आपण शांतपणे पाठपुरावा करत होतो, हे मुदतीच्या कायद्यात उत्तर होत नाही.

क्रमांक 5 चे महाराष्ट्र शासन दावा कसा हलवते, तेही पाहण्यासारखे आहे. मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियम, 1869 च्या कलम 32 प्रमाणे सरकार किंवा पदाच्या नात्याने सरकारी अधिकारी पक्षकार असलेला दावा कनिष्ठ स्तर न्यायाधीशापुढे चालत नाही, तो वरिष्ठ स्तराकडे जातो. म्हणजे ‘खबरदारी म्हणून’ घातलेल्या एका ओळीने नोटीस बदलते आणि कोर्टही बदलते. रस्ता महापालिकेचा, खोदकाम महापालिकेचे, मग शासनाचे काम काय, याचे उत्तर वादपत्रात नसेल तर क्रमांक 5 वगळला जातो. तोवर एक वर्ष समन्स बजावण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचे म्हणणे येण्यात गेलेले असते.

उलटा प्रकारही घडतो. शासनाला घालायचे तिथे फक्त अधिकाऱ्याचे पद घातले जाते. कलम 79 सांगते की राज्याविरुद्धचा दावा राज्याच्या नावानेच लागला पाहिजे. हे सरकारी खात्यांनाही उमगत नाही. आंध्र प्रदेशात वनखाते आणि महसूलखाते एकाच जमिनीवरून एकमेकांशी भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2003 मध्ये न्यायालयाने सांगितले की मुख्य वनसंरक्षक हे पद स्वतःच्या नावाने राज्याची बाजू लढवू शकत नाही. राज्य हाच पक्षकार. त्याच निकालात एक उपयोगी भेदही आहे. नाव चुकीचे लिहिले गेले पण रोख कोणावर आहे हे स्पष्ट आहे, तर ती दुरुस्त होण्याजोगी चूक. आवश्यक पक्षकारच नाही, तर दावा टिकत नाही. संहितेच्या आदेश 1 मधला नियम 9 याच समजुतीवर उभा आहे. जादा पक्षकार घातले म्हणून दावा मरत नाही, आणि नियम 10 न्यायालयाला कोणत्याही टप्प्यावर अनावश्यक नाव वगळण्याचा किंवा आवश्यक नाव जोडण्याचा अधिकार देतो.

तरीही प्रतिवादींचे वकील नियम 10 ऐवजी आदेश 7 नियम 11 कडे वळतात, म्हणजे वादपत्रच नामंजूर करा असा अर्ज देतात. त्यामागचे गणित समजते. पहिल्या अर्जाने फक्त एक नाव जाते, दुसऱ्याने वाद मुळातून संपतो. मुंबईतल्या सदनिका खरेदीदारांच्या एका प्रकरणात बँकेने अशीच मागणी केली होती: बाकीच्यांविरुद्ध चालू द्या, आमच्यापुरते वादपत्र नामंजूर करा. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते मान्य केले. जुलै 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वादपत्र नामंजूर व्हायचे तर पूर्ण व्हावे लागते, एखाद्या प्रतिवादीपुरते त्याचे तुकडे करता येत नाहीत. प्रकरण बँकेचे असले तरी सार्वजनिक नोकरांच्या दाव्यांना हा निकाल जसाच्या तसा उपयोगी आहे. उपअभियंत्याला पदाच्या नात्याने वगळायचे असेल तर नियम 10 खाली वगळा, किंवा वादीनेच पुरसिस देऊन नाव कमी करावे. त्या निमित्ताने महापालिकेविरुद्धचा आणि ठेकेदाराविरुद्धचा दावा गाडू नये. अशा अर्जांवर न्यायालयांनी हा भेद कटाक्षाने पाळायला हवा. एक प्रतिवादी नको म्हणून तक्रारच नको, हा हिशेब नागरिकावर अन्याय करणारा आहे.

आता अवघड प्रश्न. एखादी कृती पदाच्या नात्याने केली, हे ठरवायचे कशावरून? इथे महाराष्ट्राच्या जुन्या मुंबई पोलीस अधिनियमाने (1951) भरपूर खटले पुरवले. त्या कायद्याचे कलम 161 पोलिसांविरुद्धच्या फिर्यादी आणि दावे अल्प मुदतीत बांधते, पण कृती कर्तव्याच्या नात्याने किंवा त्याच्या आवरणाखाली झालेली असेल तरच. आजच्या कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पंचनामा करणे हे पोलिसाचे कर्तव्य, म्हणून खोटा पंचनामा करणे हेही त्या आवरणाखाली येते. त्यानंतर महाराष्ट्राची दोन प्रकरणे आली. एकात हवालदाराने आरोपीविरुद्धचा पुरावा सैल करण्यासाठी लाच घेतल्याचा आरोप होता. दुसऱ्यात, महाराष्ट्र सरकार विरुद्ध आत्माराम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात, कबुली काढण्यासाठी लोकांना कोंडून मारहाण केल्याचा आरोप होता. दोन्हीत न्यायालयाने संरक्षण नाकारले. चौकशी करणे हे कर्तव्य, मारहाण हा त्या कर्तव्याचा भाग नव्हे. अंगावर गणवेश होता एवढ्याने नाते जुळत नाही. हे तिन्ही खटले फौजदारी होते, पण त्यांतली कसोटी दिवाणी दाव्यांनाही लागते. कृती आणि कर्तव्य यांच्यात खरा धागा हवा.

या कसोटीत नागरिकासाठी एक सापळा आहे. कृती पदाच्या नात्याने झाली म्हणावे, तर नोटीस, मुदत आणि ‘सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण’ ही कलमे उभी राहतात. ती पदाबाहेरची म्हणावी, तर शासन किंवा महापालिका हात वर करते आणि समोर उरतो पगारदार माणूस, ज्याच्याकडून मोठी रक्कम वसूल होणे दुरापास्त. सरकारी बाजूने एकाच कैफियतीत दोन्ही बचाव घेतलेले असतात. कायद्याने पर्यायी बचाव घेता येतो हे मान्य. पण शासनाने स्वतःच्या नोकराबद्दल ‘त्याने हे कामावर असताना केले की नाही’ याचे एक उत्तर पहिल्याच तारखांना द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्याला त्या दिवशी कोणत्या कामावर पाठवले होते, याची नोंद शासनाकडेच असते.

पैसे कोण देणार या प्रश्नावर महाराष्ट्राने देशाला दिलेला सर्वांत बोलका खटला तेव्हाच्या औरंगाबादचा आहे. जुलै 1963 मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंतपणासाठी दाखल झाली. मुलगा झाला, मग कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. तिच्या पोटात शस्त्रक्रियेचे कापड राहिले. प्रकृती बिघडली, दुसऱ्या शस्त्रक्रियेत ते कापड सापडले, पण ती वाचली नाही. कुटुंबाने शासन आणि डॉक्टर यांच्याविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयाने 36,000 रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती काढून घेतली. सरकारी रुग्णालय चालवणे हे राज्याच्या सार्वभौम कामात मोडते, म्हणून शासन जबाबदार नाही, असा त्यामागचा विचार होता. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. रुग्णालय चालवणे हे कल्याणकारी काम आहे, खासगी माणसेही ते करतात, त्याला सार्वभौमत्वाचे कवच नाही. आणि नेमकी कोणत्या डॉक्टरची चूक हे बोट ठेवून सांगता आले नाही तरी, निष्काळजीपणा त्या रुग्णालयातच झाला हे स्पष्ट असेल, तर शासनाने भरपाई द्यायची.

कोणत्या हातून कापड राहिले हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्ध असलेल्या रुग्णाला कसे कळणार? खोडवा खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या निकालाने ते ओझे तिच्या कुटुंबाच्या खांद्यावरून उतरवले. पदावरच्या दाव्याचे खरे मोल इथे दिसते. माणूस सापडला नाही तरी संस्था सापडते.

त्याच्या आदल्या वर्षी, 1995 मध्ये, महाराष्ट्र शासनाच्याच एका जीपचे प्रकरण निकाली निघाले होते. चालकाने दारू घेतलेली असल्याने त्याने जीप कार्यालयातल्या कारकुनाच्या हाती दिली आणि अपघातात एकाचा जीव गेला. शासनाचे म्हणणे असे की कारकुनाला जीप चालवायला कोणी सांगितले होते? न्यायालयाने ते ऐकले नाही. जीप सरकारी कामावर होती; काम करण्याची पद्धत चुकीची असली तरी काम मालकाचेच.

महापालिकांबाबत चित्र इतके स्वच्छ नाही. राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. गुजरातेत तेव्हा पुण्याला लागू असलेलाच 1949 चा कायदा लागू होता. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले नाही. झाड धोकादायक झाले होते हे तिला ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्यावर फांदी पडली होती, त्या प्रकरणाचा निकाल दोनच वर्षांनी लागला आणि तिथे महापालिकेला भरपाई द्यावी लागली. फरक पुराव्यात आहे, तत्त्वात कमी. म्हणून पाणी गढूळ आहे, खड्डा पडलाय, भिंतीला तडा गेलाय, याची लेखी आणि पोच घेतलेली तक्रार ही पुढच्या दाव्यातली सर्वांत महत्त्वाची निशाणी ठरते. धायरीतल्या गृहसंस्थांनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकून थांबू नये, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे.

मग अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून कधी द्यावे लागते? 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्ग दाखवला: छळ झालेल्या नागरिकाला संस्थेने पैसे द्यावेत आणि नंतर जबाबदार माणसांकडून ते वसूल करावेत. 1996 मध्ये पेट्रोल पंपांच्या मनमानी वाटपाबद्दल माजी मंत्री सतीश शर्मा यांना व्यक्तिशः 50 लाख रुपये भरायला सांगण्यात आले, पण 1999 मध्ये फेरविचारात तो आदेश मागे घेतला गेला. ज्याचे नुकसान झाले असा ठरावीक माणूस समोर नाही आणि दंड सरकारने सरकारलाच द्यायचा, ही त्यातली अडचण होती. त्यानंतर बरीच वर्षे वैयक्तिक जबाबदारीची भाषा निकालांत राहिली, वसुलीत फारशी उतरली नाही.

अलीकडे वारे बदलले आहे. 13 नोव्हेंबर 2024 रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी पाडापाडीबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. पंधरा दिवसांची नोटीस आणि सुनावणी डावलून बांधकाम पाडले तर ते पुन्हा उभारण्याचा खर्च अधिकाऱ्याने स्वतः करायचा, भरपाई वेगळी. रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरच्या बेकायदा बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत, तेवढे मात्र वाचून घ्यावे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये आणि जखमी झाल्यास 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आणि ती रक्कम कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून व ठेकेदारांकडून वसूल करण्याची दिशा दाखवली. दिवाणी दाव्याची लांब वाट टाळून थेट रक्कम हाती देणारी ही पद्धत आहे.

अमेरिकेत हाच वाद वेगळ्या भाषेत चालतो आणि तिथले निकाल आपल्याला आरशासारखे वापरता येतात. केंटकी राज्याच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितले की अधिकाऱ्यावर पदाच्या नात्याने लावलेला दावा हा त्याच्या संस्थेवरचाच दावा असतो. त्या खटल्यातल्या लोकांनी पोलिसांवर व्यक्तिशः दावा लावून तडजोडीने पैसे मिळवले होते. मग वकिलाची फी राज्याकडून मागितली, तेव्हा ती मिळाली नाही, कारण राज्याविरुद्ध ते जिंकलेच नव्हते. 1989 मध्ये मिशिगनच्या प्रकरणात ठरले की तिथल्या नागरी हक्कांच्या कायद्याखाली राज्यावर किंवा पदाच्या नात्याने राज्याच्या अधिकाऱ्यावर भरपाईचा दावा चालत नाही. 1991 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महालेखापाल बार्बरा हेफर यांनी त्याच निकालाचा आधार घेतला. कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढणे हे माझे पदाचे काम होते, मग माझ्यावर दावा कसा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते नाकारले. पदाच्या अधिकाराने केलेल्या कृतीबद्दलही माणसावर व्यक्तिशः दावा लागू शकतो. पाहायचे ते हे की पैसे कोणाच्या खिशातून मागितले आहेत. शहराला अशा दाव्यात ओढता येते, हे तिथे 1978 पासून ठरलेले आहे. त्यामुळे तिथे शहर पक्षकार असले की पदावरचा दावा ‘दुहेरी’ म्हणून सुरुवातीलाच वगळण्याची रीत आहे, आणि बाकीचा दावा पुढे चालतो. आपल्या आदेश 1 नियम 10 मध्ये तीच रीत पाडण्याची पूर्ण सोय आहे.

आपल्याकडची गाठ शेवटी नोटिशीशी येऊन बसते. दोन महिन्यांची मुदत सरकारला विचार करता यावा, चूक असेल तर दुरुस्त करता यावी, दावा टळावा म्हणून आहे. 2005 मध्ये सेलम वकील संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला लिहावे लागले की बहुतेक नोटिशींना उत्तरच येत नाही किंवा मोघम उत्तर येते. प्रत्येक सरकारने अशा नोटिशींसाठी एक अधिकारी नेमावा, उत्तर दिले नाही तर न्यायालयाने खर्च बसवावा आणि तो जबाबदार माणसाकडून वसूल व्हावा, असे निर्देश निघाले. त्याला वीस वर्षे होऊन गेली. नोटिशीला उत्तर न देणाऱ्याने पुढे नोटिशीतल्या त्रुटीचा बचाव घ्यावा, यावर न्यायालयांनी जास्त कठोर व्हायला हवे.

आणि नोटिशीची ही मुदत आणखी एका कारणासाठी मोलाची आहे. औरंगाबादचा वाद 1963 च्या घटनेपासून 1996 च्या निकालापर्यंत 33 वर्षे चालला. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 प्रमाणे निष्काळजीपणाने शासनाचे झालेले नुकसान कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल करता येते. तो निवृत्त झाला की 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम 27 लागतो, आणि त्याच्याविरुद्ध नव्याने चौकशी सुरू करायची तर घटना चार वर्षांच्या आतली असावी लागते. हुकूमनामा होईपर्यंत थांबू, मग जबाबदारी ठरवू, असे म्हणणारे खाते प्रत्यक्षात ती कधीच ठरवू शकत नाही. नोटीस हाती पडते तेव्हा कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराचे बिल आणि त्या दिवशी जागेवर कोण होते याची नोंद हे सगळे कार्यालयातच असते. धायरीसारख्या नव्याने आलेल्या भागात ग्रामपंचायतीच्या वेळचे दप्तरही अजून शोधता येते. त्याच दिवसांत छोटी चौकशी करून तिचा निष्कर्ष उत्तरासोबत वादीला दिला, तर काम कोणी केले, कोणाच्या आदेशाने केले आणि संस्था त्याच्या पाठीशी आहे की नाही, हे वादपत्र लिहिण्याआधीच समजेल. मग सोसायटीच्या वकिलाला अंदाजाने पाच नावे घालावी लागणार नाहीत आणि न्यायालयाचीही पहिली दोन वर्षे त्यांतली तीन वगळण्यात जाणार नाहीत.